कंपनीची गाडी, माझं माप

डांबरावर नीट चालणारी आणि डांबर संपल्यावरही न थांबणारी मोटरसायकल म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. आपल्याकडे नोकरदाराच्या खिशाला परवडेल अशी ही गाडी २०११ मध्ये हीरोच्या इम्पल्सच्या रूपाने आली, पण ती फारशी रुजली नाही. मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि चित्र बदललं. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांचं चाक, वजन दीडशे किलोच्या आसपास, इंजिन २०० सीसीचं. शनिवारी-रविवारी घाटवाटा धुंडाळणाऱ्यांना ती मानवली. तिच्या मागोमाग जादा पार्ट्सचा बाजारही उभा राहिला. हँडल रायझर, बॅश प्लेट, क्रॅश गार्ड, दिवे, सायलेन्सर असं सगळं घरपोच येतं. पान्यांचा संच असला की रविवारी पार्किंगमध्येच काम सुरू.

या लेखात बोलणारे दोघे कोल्हापूरचे. मामांचं उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं वर्कशॉप आहे. भाची बँकेत नोकरीला. तिची उंची पाच फूट एक इंच, गाडी एक्सपल्स, आणि पाना स्वतःच्या हातात धरायची हौस. घरच्या घरी गाडी बदलावी का, आणि बदलली तर कुठवर, यावर दोघांचं जमत नाही. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

भाची : मामा, सीटपासूनच सुरू करते. माझ्या गाडीची सीट जमिनीपासून ८२३ मिलिमीटरवर आहे. माझे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत. सिग्नलला एका पायावर निभतं. पण गगनबावड्याच्या पुढे उतारावर खडीत थांबायची वेळ आली, की जिकडे जमीन खोल, नेमकी तिकडेच गाडी कलते. कंपनीनं गाडी बनवली ती पावणेसहा फुटी पुरुष डोळ्यांपुढे ठेवून. मी त्या मापात बसत नाही. मग गाडी माझ्या मापाची करून घेतली तर बिघडलं कुठं?

मामा : बिघडत काही नाही. पण ८२३ हा आकडा सुटा नाही, एवढं ध्यानात घे. पुढच्या सस्पेन्शनची ट्रॅव्हल १९० मिलिमीटर, मागची १७०, पोटाखालची मोकळीक २२०. चाकाला एवढं वर-खाली व्हायचं म्हटलं की वरती तेवढी जागा सोडावी लागते, आणि टाकी-सीट त्या जागेच्या वर बसते. सीट खाली हवी असेल तर यातला एखादा आकडा सोडावा लागणार. कुठला सोडायचा ते आधी ठरव.

भाची : कंपनीनं स्वतः हे आकडे हलवले की! २०२० मध्ये त्यांनी या गाडीसाठी रॅली किट काढलं, ३८ हजार रुपयांचं. त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हलचं सस्पेन्शन. २०२२ मध्ये तर रॅली एडिशन म्हणून तशी अख्खी गाडीच आली, तिची सीट ८८५ मिलिमीटरवर. म्हणजे शोरूममधली साधी गाडी सगळ्यांसाठी सारखी नाही, हे कंपनीलाही मान्य आहे. उंच आणि तरबेज स्वारासाठी त्यांनी वेगळं माप काढलं. बुटक्यांसाठी कोणी काढलं? मग आमचं आम्हालाच बघावं लागतं.

मामा : हा मुद्दा खरा आहे, मानतो. पण ते किट नीट बघ की. नुसते शॉक देऊन ते मोकळे झाले नाहीत. साइड स्टँड लांब दिला, गिअर लिव्हर वेगळा दिला, हँडल वर घेतलं, सीट सपाट केली. एक गोष्ट हलवली की तिच्यामागून चार हलवाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. तू मागवणार एक पार्ट. बाकीच्या चारांचा हिशोब कोण करणार?

भाची : मी दोन गोष्टी योजल्या होत्या. पुढचे फोर्क क्लॅम्पमधून तीस मिलिमीटर वर सरकवायचे आणि मागचा शॉक आखूड घालायचा. दोन्हीकडून सारखंच खाली आलं की झालं.

मामा : फोर्क तीस मिलिमीटर वर सरकवलास म्हणजे खालचा क्लॅम्प टायरच्या तीस मिलिमीटर जवळ आला. ट्रॅव्हल मात्र तेवढीच राहिली. मोठ्या खड्ड्यात फोर्क पूर्ण दबला तर टायर क्लॅम्पला नाहीतर मडगार्डला भिडेल. चाक तिथं अडकलं तर काय होईल, सांगायला नको. मागं आखूड शॉक घालशील, तर चाक दबून वर येईल तेव्हा मडगार्डला नि वायरिंगला लागतंय का, ते स्प्रिंग काढून, चाक हातानं उचलून बघावं लागतं. ते कोणी बघत नाही. मागचीच बाजू खाली घेतलीस तर नाक वर होतं, हँडल सुस्त होतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतो. राहिला साइड स्टँड. त्याची लांबी तीच, गाडी मात्र खाली आली. मग गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे पडते. स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग करायला माझ्याकडेच येतात सगळे.

भाची : मग मी उंच टाचेचे बूट घालून गाडी चालवू?

मामा : नको. आधी मोजू. तुझं वजन किती?

भाची : बावन्न किलो.

मामा : तिथंच तर गोम आहे. मागची स्प्रिंग सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला धरून घातलेली असणार. तू बसलीस तरी ती हवी तेवढी दबत नाही. टेप घे. गाडी उचलून मागचं चाक अधांतरी धर, आणि आसापासून वर शेपटीच्या एका खुणेपर्यंत अंतर मोज. मग हेल्मेट, बूट, जॅकेट सगळं घालून तू बस, दुसऱ्यानं गाडी सरळ धरू दे, आणि तेच अंतर परत मोजायला लाव. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तो ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतबाहेर हवा. मागच्या १७० ला साधारण पन्नास मिलिमीटर.

दोघांनी मोजलं. सॅग निघाला ३४ मिलिमीटर. मागच्या शॉकला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, दहा पायऱ्या असतात, आणि आधीच्या मालकाने त्या कडक बाजूला नेऊन ठेवल्या होत्या. प्रीलोड सैल केल्यावर सॅग ४६ वर आला. म्हणजे एकही पार्ट न घेता सीट बारा मिलिमीटर खाली आली, आणि मागचं चाक खडबडीत रस्त्यावर आधीपेक्षा जमिनीला धरून चालू लागलं. मग सीटवाल्याकडून फोम वीस-बावीस मिलिमीटर तासून घेतला आणि सीटची पुढची बाजू दोन्हीकडून अरुंद केली. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. सीट निमुळती केली की तेवढ्याच लांबीचे पाय जास्त खाली पोचतात.

भाची : मग माझंच खरं ठरलं की! गाडी बदलली, आणि बरीचशी घरीच बदलली.

मामा : बदललीस, पण काय बदललंस ते बघ. ज्याने गाडीचं वळण बिघडत नाही आणि सीटला पुन्हा तेवढा फोम भरला की गाडी जशीच्या तशी होते, तेवढंच. याला माझी हरकत कधीच नव्हती. शर्ट ढगळ झाला तर टाके घालावेत, हात लांब करायला जाऊ नये.

भाची : आता हँडल. डांबर सोडलं की मी फूटपेगवर उभी राहते. उभं राहिल्यावर हँडल हाताला खालीच राहतं, मग कमरेतून वाकावं लागतं. अर्ध्या दिवसात पाठ मोडते. वाकलेल्या स्वाराचं वजन मनगटांवर येतं, मग पुढचं चाक मोकळेपणी खडीत फिरत नाही. म्हणून रायझर. इथं सोय आणि सुरक्षा एकाच बाजूला आहेत.

मामा : रायझरला ना नाही. पण तो कशाचा आहे ते विचार. अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीतून मशीनवर कोरलेला आणि स्वस्त कास्टिंगचा, दोन्ही रंग दिल्यावर सारखेच दिसतात. कास्टिंगमध्ये आत पोकळी राहिली असेल तर ती दिसत नाही, धक्का बसला की तिथूनच तुकडा पडतो. हँडलचा क्लॅम्प तुटला तर स्वाराला सावरायला वेळ मिळत नाही. मग बोल्ट बघायचे. जुने बोल्ट लांबीला कमी पडतात, नव्यांची ग्रेड काय ती बघायची. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा नसेल, तर तो तिथं घालू नको.

भाची : आणि केबल?

मामा : ती मुख्य गोष्ट. हँडल वर गेलं की क्लचची केबल, थ्रॉटलची केबल, ब्रेकचा होज सगळे ताणले जातात. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेव आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. इंजिनचा आवाज वाढला तर केबल ताणली जातेय. घाटात वळण घेताना आपोआप रेस वाढणारी गाडी कोणाला पाहिजे? होज ताठ होत असेल तर रायझर कमी उंचीचा घे, किंवा होज लांब घे. जुना ओढून-ताणून बसवू नको.

भाची : पुढचा मुद्दा तुम्हालाही पटेल. गाडी पडून क्लचचा लिव्हर तुटला तर ती तिथेच थांबते. म्हणून हँडगार्ड हवा, तोही आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेला, नुसता प्लास्टिकचा नाही. खाली बॅश प्लेट, इंजिनच्या पोटाला दगड लागू नये म्हणून. हे दोन पार्ट बसवणं चैनीत मोडत नाही.

मामा : पटलं. माझ्या वर्कशॉपला फुटलेले क्रँककेस वेल्डिंगला येतात, आणि फुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तरी बॅश प्लेट घेताना दोन गोष्टी बघ. ऑइल काढायच्या नटासमोर भोक आहे का? नसेल तर दर वेळी प्लेट उतरवावी लागेल, आणि मग एक दिवस ती उतरवायचा कंटाळा करून ऑइल बदलायचंच राहील. दुसरं, क्रॅश गार्ड कुठे बोल्ट होतो? इंजिनच्याच माउंटिंगला लटकणारा गार्ड पडल्यावर सगळा धक्का माउंटिंगच्या कानाला देतो. तो कान तुटला तर गार्ड शाबूत आणि गाडी स्क्रॅपमध्ये. फ्रेमला दोन-तीन ठिकाणी बांधलेला गार्ड घे.

भाची : वजनाचंही बोला. नाहीतर मीच बोलते. गार्ड, प्लेट, मागचा रॅक, टॉप बॉक्स मिळून दहा-बारा किलो सहज होतात. गाडी हलकी म्हणून घेतली आणि मग तिला जड करत बसलो, असं अनेकांचं होतं. मी टॉप बॉक्स नाकारला. मागच्या आसाच्याही मागे, उंचावर वजन टांगलं की पुढचं चाक हलकं होतं. मी दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या कापडी पिशव्या घेतल्या.

मामा : आता आलीस वळणावर. साखळीच्या स्प्रॉकेटचं काय?

भाची : पुढचं एका दातानं कमी करणार आहे. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडते.

मामा : हिशोब कर. पुढे १३ आणि मागे ३९ दात असतील तर गुणोत्तर तीन. पुढचं १२ केलंस की सव्वातीन. म्हणजे आठ टक्क्यांहून थोडा जास्त फरक. हायवेला ज्या वेगाला इंजिन ५,५०० वर फिरत होतं, त्याच वेगाला आता सहा हजारांच्या जवळ जाईल. कोल्हापूर-पुणे रस्त्यावर ते जाणवेल. शिवाय पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की साखळी जास्त तीव्र वळते, लवकर झिजते. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सला असेल तर स्पीडोमीटरही जास्तीचा वेग दाखवेल. तेच काम मागं तीन दात वाढवून होतं, पण मग साखळीच्या कड्या वाढवाव्या लागतात.

भाची : पण हा बदल परतवता येतो. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त असतं, बदलायला अर्धा तास. पावसाळ्यात घाटासाठी बारा, लांबच्या प्रवासाला तेरा. यात घरी काम करणाऱ्याचाच फायदा आहे. गॅरेजमध्ये दर वेळी कोण जाणार?

मामा : जा, लाव. पण साखळी ताणताना गाडी रिकामी उभी ठेवून कडक करू नको. बसल्यावर शॉक दबतो, आस लांब जातो, साखळी आणखी ताणते. मॅन्युअलमध्ये सैलपणाचा आकडा दिलेला असतो. त्यापेक्षा कडक ठेवलीस तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जाईल.

इथवर दोघांमध्ये तडजोड होत आली. पुढचा विषय निघाला तेव्हा मामांचा आवाज चढला.

भाची : एअर फिल्टर आणि सायलेन्सर. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या गाड्यांवर हे दोन्ही बदललेले आहेत. मोकळा श्वास, मोकळा आवाज, जास्त ताकद, असं म्हणतात.

मामा : ताकद किती वाढते?

भाची : आवाज वाढतो, हे नक्की.

मामा : मग ऐक. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या आहेत. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे, त्याच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. त्याच वाटेवर कॅटलिटिक कन्व्हर्टर आहे. तो काढून मोकळी नळी घातलीस तर ईसीयूचा हिशोब चुकतो आणि धूर मर्यादेबाहेर जातो. दोनशे सीसीच्या एका सिलिंडरातून मिळणार काय, तर अर्धा-एक घोडा, तोही वरच्या फेऱ्यांत. घाटात चढताना तुला ताकद लागते खालच्या फेऱ्यांत, आणि बहुतेक वेळा नेमकी तिथंच कमी होते.

भाची : आणि फिल्टर?

मामा : त्याचं मला विचारू नको, माझं पोट त्याच्यावर चालतं! मसाई पठारावर, राधानगरीकडे, आंबोलीकडे सगळा जांभा. त्या लाल मातीची धूळ पिठासारखी बारीक. कंपनीचा फिल्टर ती अडवतो. बाजारातला उघडा फिल्टर, तोही नीट तेल न लावता बसवलेला, ती आत सोडतो. मग बोअरला उभे ओरखडे पडतात, पिस्टनच्या रिंग झिजतात, निळा धूर येतो आणि गाडी माझ्याकडे बोअरिंगला येते. काहींनी तर एअरबॉक्सलाच भोकं पाडलेली असतात. ओढ्यातून गाडी घातली की त्या भोकांतून पाणी सिलिंडरात. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

भाची : हे मान्य. पण कायद्याकडे बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२-अ म्हणतं, नियमबाह्य प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाचायला गेलं तर हँडगार्ड लावणाराही घाबरेल. माझी तक्रार अशी आहे, की जीव वाचवणारा बदल आणि कान फोडणारा बदल यांच्यात सामान्य माणसाला कळेल अशी स्पष्ट रेघ कोणी ओढून देत नाही.

मामा : रेघ आपण ओढायची. नोंदणीत काय असतं? इंजिन नंबर, चासी नंबर, सीसी, रंग, वजन, आसनं, दोन चाकांमधलं अंतर. इंजिन बदलणं, फ्रेम कापणं, रंग बदलून न कळवणं, ही उघड विसंगती. आवाजाचं तर वेगळं प्रमाण आहे. १७५ सीसीवरची दुचाकी चाचणीत ८० डेसिबलच्या आत असावी लागते. सायलेन्सर काढलास की ती मर्यादा गेली. रस्त्यावर मोकळ्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेले फोटो पेपरात येतात, ते उगाच नाही. शिवाय विमा. मोठा बदल कंपनीला न सांगता केलास आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तेच काढतील.

भाची : आणि खेड्यापाड्यातून जाताना ज्यांची झोपमोड होते, त्यांचं कोण काढणार? पाणंदीतून जातो आपण. ती वाट शेतकऱ्याची, आपण पाहुणे. सायलेन्सर बाद. हे मी तुमच्या भीतीने म्हणत नाही, मलाच तो नको होता.

मामा : मग वाद कशाला घातलास?

भाची : तुमच्याकडून कारण ऐकायचं होतं. नुसतं 'नको' म्हणणारे खूप भेटतात. आता माझी पाळी. दिवे. कंपनीचा दिवा घाटातल्या धुक्यात पुरत नाही. मी दोन वीस-वीस वॉटचे एलईडी लावले, आणि वायरिंग स्वतः केलं.

मामा : विजेच्या कामाची मला धास्ती वाटते. गाडी पेटते ती त्यानंच.

भाची : पेटते ती चोरट्या जोडामुळे. वायर सोलायची, दुसरी गुंडाळायची, वरून टेप. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हेच चालतं. मी कंपनीची एकही वायर कापली नाही. बॅटरीच्या प्लसपासून निघाल्याबरोबर फ्यूज, मग रिले, मग दिवे. रिलेला चालू करणारा इशारा पार्किंग लाइटच्या कनेक्टरमधून घेतला, म्हणजे चावी बंद की दिवे बंद. चाळीस वॉट भागिले बारा व्होल्ट म्हणजे सव्वातीनहून थोडे जास्त अ‍ॅम्पिअर. म्हणून पाच अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. जोड क्रिंप केले, वर हीट श्रिंक चढवलं. हँडल पूर्ण फिरवून बघितलं, वायर कुठे ताणत नाही की चिमटत नाही. आणि दिवे खाली झुकवले, समोरच्याच्या डोळ्यांत जायला नकोत.

मामा : हे माझ्याकडच्या पोराने केलं नसतं.

भाची : तेच म्हणते मी. घरी काम करणाऱ्याला अनुभव कमी असतो, पण वेळ असतो आणि गाडी त्याची स्वतःची असते. तुम्ही बोल्ट हाताच्या अंदाजाने कसता. मी टॉर्क रेंच घेतला.

मामा : चाळीस वर्षांचा हात आहे हा!

भाची : तुमचा हात बरोबर असेल. तुमच्या हाताखालचा पोरगा तुमच्याकडे बघून कसतो, त्याचा हात चाळीस वर्षांचा नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणारा एम-६ चा बोल्ट दहा न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचा असतो. लांब पान्याने त्याचे आटे कधी गेले ते कळतही नाही. मी मॅन्युअल बघते, रेंच त्या आकड्यावर लावते आणि कसल्यावर बोल्टवर रंगाची रेघ मारते. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. जिथे गाडी थरथरते तिथे निळं थ्रेडलॉकर, लाल नाही. लाल लावलेला बोल्ट रस्त्यात उघडत नाही. शंभर-दीडशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा सगळं तपासते.

मामा : आटे गेलेले कान माझ्याकडे रोज येतात, त्यामुळे यावर मी गप्प बसतो. ब्रेकचं मात्र घरी करू नको.

भाची : पॅड बदलणं घरी, होज आणि कॅलिपरची कामं तुमच्याकडे. पुढच्या चाकाला एबीएसचा सेन्सर असतो. चाक काढून घालताना त्याची वायर दुमडली तर दिवा पेटतो आणि एबीएस बंद पडतं. टायर घरीच बदलते, कारण ट्यूबचं चाक आहे. पंक्चर जिथे होईल तिथे मला ते काढता आलंच पाहिजे. डकार रॅलीत एक वर्ग असा आहे, की त्यात स्वाराला मेकॅनिकच मिळत नाही. दिवसभर पळून आल्यावर फिल्टर, ऑइल, टायर सगळं त्यानेच बघायचं. मी डकारला जाणार नाही, पण दाजीपूरच्या अलीकडे रात्र झाली तर माझी गत त्याच्यासारखीच.

मामा : म्हणजे पार्ट लावण्यापेक्षा उघडता येणं मोठं.

भाची : पार्ट लावता लावताच उघडता यायला लागतं, मामा. स्टॉक गाडीला हात न लावणाऱ्याला आपल्या गाडीचा क्लच कुठून ओढला जातो तेही माहीत नसतं.

दोघांचं सगळं ऐकल्यावर निकाल असा द्यावा लागतो. भाचीचं मूळ म्हणणं बरोबर आहे. कारखान्यातून येणारी गाडी सरासरी माणसासाठी असते आणि सरासरीत न बसणाऱ्याला ती आपल्याजोगी करून घेण्याचा हक्क आहे. शिवाय मोकळ्या वेळात मॅन्युअल उघडून काम करणारा हौशी माणूस घाईतल्या गॅरेजपेक्षा अनेकदा नेटकं काम करतो. मामांचं म्हणणं त्याहून जुनं आणि तितकंच खरं आहे. गाडीतला प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याला बांधलेला असतो, आणि नवा पार्ट एक अडचण सोडवताना भार दुसरीकडे ढकलतो.

म्हणून घरी गाडीला हात लावणाऱ्याने पार्ट मागवण्याआधी कागदावर तीन उत्तरं लिहावीत. या पार्टने माझी नेमकी कोणती अडचण जाते? त्यामुळे नवा ताण कुठे पडतो? आणि उद्या तो काढून गाडी जशीच्या तशी करता येते का? सीट, रायझर, हँडगार्ड, बॅश प्लेट, नीट जोडलेले दिवे, स्प्रॉकेट हे या परीक्षेत उतरतात. सायलेन्सर, उघडा फिल्टर, भोकं पाडलेला एअरबॉक्स, कापलेली फ्रेम हे उतरत नाहीत, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्यातही बसत नाहीत. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट नाव लिहून खोक्यात ठेवावा. गाडी विकताना आणि विम्याच्या वेळी तोच कामाला येतो.

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि नवा शॉक किंवा लोअरिंग किट घ्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी टेप घ्या, एका मित्राला बोलवा आणि सॅग मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याच जणांना त्यानंतर तो पार्ट लागणार नाही.